तिकीट म्हणजे तुमच्या घरी काय?

माणदेशी_लेक (सातारा)
दिवाळीच्या आधी दहिवडीजवळच्या आमच्या गावी माळा आवरत होते. आजोबांची पत्र्याची ट्रंक निघाली. धोतरं, एक पंचांग, चष्म्याचं घर आणि तळाशी खाकी पाकीट. पाकिटावर आजोबांच्या अक्षरात एकच शब्द: ‘तिकिटे’.

आत पोस्टाची वापरलेली, पाण्यात भिजवून सुटी केलेली तिकिटं होती. एसटीची होती, हात लावला की तुकडा पडेल अशी. रेल्वेची जाड पुठ्ठ्याची तीन, महाराष्ट्र राज्य लॉटरीचं एक, कोर्ट फीची दोन. आणि या कागदांमध्ये एक पितळेची गोल चकती. वरच्या कडेला भोक, मधोमध ४१७ हा आकडा, भोवतीची अक्षरं झिजून गेलेली.

आजोबा परळला गिरणीत होते. पण चकती ‘तिकिटे’ लिहिलेल्या पाकिटात का, हे कळेना. आजी एक वाक्य नेहमी म्हणायची, “ह्यांचं तिकीट गेलं आन् घर बसलं.” आम्हा पोरांना वाटायचं, लॉटरीचं मोठं बक्षीस लागलेलं तिकीट हरवलं असणार. आता आजी नाही, वडीलही नाहीत. विचारायचं कुणाला?

म्हणून दोन प्रश्न. या चकतीबद्दल कुणाला काही ठाऊक आहे का? आणि तुमच्या घरात ‘तिकीट’ म्हटलं की पहिल्यांदा काय डोळ्यांपुढे येतं? तुम्ही कुठलं तिकीट जपून ठेवलंय?

कोरेगावचा_वाघ्या
सध्या तर आमच्याकडे तिकीट म्हणजे फक्त एकच. कुणाला मिळालं, कुणाचं कापलं. चहाच्या टपरीवर दुसरा विषय नाही.

निवृत्त_वाहक
ताई, एसटीची तिकिटं बघून हात शिवशिवला. एकतीस वर्षं कंडक्टरकी केली मी, सातारा जिल्ह्यात बरीच. त्या तिकिटांवर टप्प्यांचे आकडे आसत्यात बघा. एक टप्पा म्हंजे सहा किलोमीटर. जिथं चढला, जिथं उतरणार, तिथं पंचनं भोक पाडायचं. पत्र्याच्या पेटीत दराप्रमाणं गठ्ठे लावलेले. वेगवेगळे दर एकत्र करून एकाच माणसाला चार तिकिटं फाडून द्यायची, वर बेरीज तोंडी. आणि प्रत्येक ठराविक थांब्याला वे-बिलात, म्हंजे तिकिटांच्या हिशेबाच्या कागदावर, आकडे चढवायचे, गाडी खड्ड्यातनं चाललीय का घाटातनं, ते बघायचं नाही. खंबाटकीच्या वळणावर लिहिलेले माझे आकडे कधी चुकले न्हाईत.

सुट्ट्या पैशांची कथा सांगतो. पन्नास पैसे द्यायचे राहिले की तिकिटाच्या मागं ५० लिहून गोल करायचो. उतरताना माणूस तिकीट दाखवायचा, पैसे घ्यायचा. एकदा वडूजच्या एका म्हातारीनं आठ महिन्यांपूर्वीचं तिकीट आणून दाखवलं. “तवा तू इसरलास.” अक्षर माझंच. दिले पन्नास पैसे. तिनं ते तिकीट परत मागून घेतलं, म्हणाली तुझी सही हाय त्यावर. तुमच्या आजोबांच्या तिकिटांची मागली बाजू बघा एकदा.

माणदेशी_लेक (सातारा)
काका, आत्ता बघितलं! एकावर खरंच २५ लिहून गोल केलाय. म्हणजे पंचवीस पैसे घ्यायचे राहून गेले आजोबांचे. अंगावर काटा आला.

निवृत्त_वाहक
मग ते देणं आमच्या खात्याकडं आजून बाकी धरा.

टपालहशील
पोस्टाच्या तिकिटांवर मी बोललो नाही तर झोप लागणार नाही.

जगातलं पहिलं पोस्टाचं चिकटवायचं तिकीट इंग्लंडात १८४० च्या मे महिन्यात आलं. आशियातलं पहिलं आलं १ जुलै १८५२ ला, सिंधमध्ये, अर्ध्या आण्याचं. गोल आकार, मधे ईस्ट इंडिया कंपनीचं चिन्ह, ठसा दाबून उठवलेलं. त्यातला लाल लाखेसारख्या पदार्थाचा प्रकार इतका ठिसूळ की हाताळताना तडकायचा, म्हणून मग पांढऱ्या कागदावर आणि निळ्या रंगात काढलं. १८५४ मध्ये सबंध देशासाठी तिकिटं निघाली आणि ही बंद झाली.

आता साताऱ्याचं नातं. हे तिकीट काढणारा सिंधचा कमिशनर बार्टल फ्रियर त्याआधी साताऱ्याला रेसिडेंट, म्हणजे दरबारातला कंपनीचा प्रतिनिधी, होता. १८४८ मध्ये छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराज वारले, त्यांनी दत्तक घेतलेल्या मुलाचा हक्क डलहौसीने मानला नाही आणि राज्य खालसा केलं. फ्रियरचं मत त्या खालसा करण्याविरुद्ध होतं. तरी पुढे इथला कारभार त्यालाच पाहावा लागला, आणि १८५० मध्ये तो सिंधला गेला. साताऱ्याच्या टपालाची ने-आण त्याने जवळून पाहिली असणार, असं मला मनापासून वाटतं. पुरावा मागू नका, हा माझा तर्क आहे.

ताई, त्या सुट्या केलेल्या तिकिटांत कर्मवीर भाऊराव पाटलांचं आहे का बघा. १९८८ चं. साताऱ्यातल्या माणसाने ते जपलं नसेल असं होणार नाही.

हळदबाजार (सांगली)
साताऱ्याने हक्क सांगितला, तर सांगलीला गप्प बसता येणार नाही. नाटकाचं तिकीट आमचं!

१८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केलं ते चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयाने. तेव्हा तिकीट कुठलं आलं? राजाचा दरबार, राजाचा खर्च. १८५१ मध्ये आप्पासाहेब गेले आणि आश्रय आटला. मंडळी घेऊन भावे गावोगाव हिंडले आणि १८५३ मध्ये मुंबईत तिकीट लावून खेळ केले. राजा गेला म्हणून प्रेक्षक मालक झाला. मला तर ही गोष्ट फार मोठी वाटते. चार आणे देऊन पुढे बसलेल्या माणसाला नाटक आवडलं नाही तर तो उठून जाऊ शकतो, दरबारात ते शक्य नव्हतं.

आणि १९२१ चा संयुक्त ‘मानापमान’. बालगंधर्व आणि केशवराव भोसले एकाच रंगमंचावर, टिळक स्वराज्य फंडासाठी, आणि पुढच्या जागेचं तिकीट शंभर रुपये. त्या काळचे शंभर! लिहिणारे खाडिलकर सांगलीचेच.

जपून ठेवलेलं तिकीट म्हणाल तर भावे नाट्यमंदिरातलं, लग्न ठरल्यावर आम्ही दोघं गेलो त्या प्रयोगाचं. खुर्ची क्रमांक आजही तोंडपाठ आहेत, नाटकातलं मात्र काही आठवत नाही.

वाईकरीण
@हळदबाजार, शेवटचं वाक्य वाचून हसले आणि लगेच नवऱ्याला वाचून दाखवलं. आमचं तसंच, फक्त नाटकाऐवजी टुरिंग टॉकीज. मांढरदेवच्या जत्रेतला तंबू. जमिनीवर बसायचं तिकीट स्वस्त, बाकड्याचं महाग. वडील बाकड्याचं काढायचे आणि आम्ही पोरं पुढे वाळूत येऊन बसायचो.

टपालहशील
@हळदबाजार, तुमच्या ‘तिकीट लावून’वरून एक सांगतो. मराठीत नाटकालाही तिकीट लावतात आणि पाकिटालाही. मूळ शब्दाचा अर्थ पाकिटाच्या तिकिटाला जवळचा. इंग्रजीने हा शब्द जुन्या फ्रेंचमधून घेतला, आणि तिथे त्याचा अर्थ चिकटवलेली चिठ्ठी. शिष्टाचारासाठी आपण ‘एटिकेट’ म्हणतो, तोही त्याच मुळाचा. म्हणजे जिभेने ओलं करून चिकटवायचं ते खरं तिकीट. बाकीची सगळी नंतरची.

हळदबाजार (सांगली)
मान्य नाही. शब्दाचं मूळ कुठेही असो, तो आज कसा चालतो ते महत्त्वाचं. आणि मराठीने तिकिटाला किती क्रियापदं दिलीत बघा. प्रवासी तिकीट काढतो, कंडक्टर तेच तिकीट फाडतो. पक्ष तिकीट देतो आणि कापतो. डोअरकीपर अर्धं तोडून घेतो. आजारी माणसाने ‘वरचं तिकीट काढलं’ म्हणतात. ‘काढणे’ तर विशेषच. जणू ते आधीपासून कुठेतरी आपल्या नावाचं होतं आणि आपण बाहेर ओढलं.

कोरेगावचा_वाघ्या
मग टोलनाक्यावर ‘पावती’ का? आनेवाडीला कुणी तिकीट म्हणत नाही. पार्किंगचीही पावती. हेल्मेट नसलं तर पोलीसही पावतीच फाडतात.

वाईकरीण
कारण तिकिटाने काहीतरी मिळायचं असतं. पावती म्हणजे पैसे गेल्याची खूण.

मिरज_जंक्शन
हे बाकी पटलं. पण मग वजनाचं तिकीट? त्यात काय मिळायचं, वजन आणि भविष्य!

मिरज स्टेशनवर लहानपण गेलं माझं, वडील रेल्वेत. एकाच स्टेशनात तीन मापांचे रूळ होते तेव्हा, ब्रॉडगेज, मीटरगेज आणि कुर्डुवाडीकडची नॅरोगेज. फलाटावर वजनाचं यंत्र, वर लुकलुकणारे रंगीत दिवे, आत फिरणारं चक्र. नाणं टाकलं की खाडकन पुठ्ठ्याचं तिकीट पडायचं. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला कुणा नटाचं चित्र नाहीतर नशिबाची ओळ. दमा असलेल्या माझ्या धाकट्या बहिणीचं वजन आई दर महिन्याला तिथेच करायची. ती सगळी तिकिटं आईने सुतळीत ओवून ठेवली होती. डॉक्टरांना ती माळ दाखवायची. बहीण आज दोन मुलांची आई आहे, माळ तिच्याकडे आहे.

@माणदेशी_लेक, रेल्वेची जाड पुठ्ठ्याची तिकिटं जपा. एडमंडसन नावाच्या इंग्रज स्टेशनमास्तराने ती पद्धत काढली. प्रत्येकाला अनुक्रमांक, आणि खिडकीवरच्या यंत्रात दाबलं की तारीख उठायची. तो ‘खट्’ आवाज ज्यांनी ऐकला त्यांना सांगायला नको.

रात्रपाळी (तासगाव, सध्या पुणे)
माझं तिकीट कुणाच्याच ओळखीचं नसेल. मी कंपनीत तक्रार कक्षात आहे. गिऱ्हाईकाची तक्रार आली की तिचं तिकीट तयार होतं, क्रमांक पडतो, काम झालं की आम्ही ते बंद करतो. एका रात्रीत मी तीस-चाळीस तिकिटं बंद करते. आईला फोनवर हे सांगितलं तर तिने गल्लीत सांगितलं, पोरगी तिकीट खिडकीवर लागली. दिवाळीला घरी गेले तर शेजारच्या काकूंनी तिरुपतीचं आरक्षण मागितलं. मी काढून दिलं, मोबाईलवरून. काकू म्हणाल्या, “हेच तर सांगत हुती तुझी आई.”

पण खरं सांगू? तिकिटाचा क्रमांक मागे लागला की माणूस दिसत नाहीसा होतो. परवा एका आजोबांची तक्रार तीन वेळा बंद झालेली आणि तीन वेळा उघडलेली. मी नियम सोडून फोन लावला. पाच मिनिटांत सुटलं. त्यांना बटण सापडत नव्हतं.

कराडकर_पैलवान
आमच्याकडं तिकीट म्हंजे कुस्तीचं मैदान. पण त्याहून मोठं तिकीट म्हंजे खाशाबांचं.

गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पण तिथवर जायचं तिकीट कुणी दिलं? गावानं वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर सात हजारांना गहाण टाकलं. परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्या लावल्या, जिंकले आणि घर सोडवून दिलं. माझे आजोबा त्या बैलगाड्यांच्या मिरवणुकीत होते. मरेपर्यंत सांगत, “आमच्या बी चार आण्याचा डबा हाय त्या आगगाडीत.”

कृष्णाकाठचा
सगळं छान चाललंय, पण एक कडू बोलतो. सवलतींनी एसटीचं तिकीट म्हणजे गंमत झालीय. बायकांना अर्धं, पंच्याहत्तरी ओलांडली की फुकट. चालवायची कशी एसटी?

वाईकरीण
@कृष्णाकाठचा, माझ्याकडे घरकामाला येणारी बाई रोज भुईंजवरून येते. मार्च २०२३ मध्ये अर्धं तिकीट सुरू झालं, तेव्हापासून ती एसटीने येते. आधी वडापच्या, म्हणजे खासगी जीपच्या, टपावरच्या सामानासारखी कोंबून यायची. तिचे महिन्याचे वाचलेले पैसे पोरीच्या शिकवणीला जातात. मला यात गंमत दिसत नाही.

निवृत्त_वाहक
आणि फुकट म्हंजे बिनतिकिटाचं न्हवं. पंच्याहत्तरच्या वरच्या माणसाला शून्य रुपयाचं तिकीट काढून द्यावंच लागतं. सवलतीचे पैसे सरकारनं महामंडळाला द्यायचे, ते ह्याच तिकिटांच्या हिशेबावर. तिकीट न्हाई तर तो माणूस गाडीत बसलाच न्हाई असं होतंय.

माझी आई शहात्तरची. पहिल्यांदा शून्याचं तिकीट मिळालं तर तिनं कनवटीला खोचलं. म्हटलं आये, टाक ते. तर म्हणाली, “का टाकू? सरकारनं माझं बी तिकीट फाडलं न्हवं.” उभ्या जन्मात तिचं तिकीट आमच्या बापानं न्हाईतर आम्ही काढलेलं. हे तिचं एकटीचं.

कृष्णाकाठचा
काका, शब्द मागे घेतो. आईला नमस्कार सांगा.

मिरज_जंक्शन
@निवृत्त_वाहक, आईंचं ते तिकीट झेरॉक्स करून ठेवा, अगदी आजच. मशीनच्या तिकिटाला शाई नसते. कागदावर उष्णतेने काळं पडणारा लेप असतो. उन्हात, गरम खिशात किंवा प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवलं की वर्ष-दोन वर्षांत कोरं होतं. माझ्या मुलाच्या पहिल्या प्रवासाचं तिकीट असंच पांढरं झालंय. जुनी छापील राहतील, नवी राहणार नाहीत.

निवृत्त_वाहक
उद्या सकाळी दुकान उघडलं की पहिलं गिऱ्हाईक मी.

परळचा_पाहुणा
धागा उशिरा वाचला. सगळे गप्पांत रंगलात आणि ताईंच्या चकतीचं उत्तर राहिलंच.

ताई, ते तिकीटच आहे.

माझे वडील खटावचे. लालबागच्या गिरणीत साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, बावीस वर्षं. गिरणीत कामगाराला नावाने कुणी हाक मारत नसे, त्याला तिकीट नंबर असायचा. हजेरी त्या नंबरावर, पगार त्या नंबरावर, रजा त्या नंबरावर. वडिलांचाही असाच पितळी बिल्ला होता. पाळी सुरू होताना गेटवर दाखवायचा. बदली कामगाराला असा कायमचा नंबर नसे. तो रोज सकाळी गेटवर उभा राही, कुणी गैरहजर असेल तर आत, नाहीतर परत खोलीवर. त्यामुळे ‘तिकीट मिळालं’ म्हणजे कायम झाला. गावी पत्र यायचं, पेढे वाटले जायचे, लग्न ठरायचं.

आणि आजींचं वाक्य. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास माणसं बाहेर पडली. संप संपला असं कुणी जाहीर केलंच नाही. गिरण्या सुरू झाल्या तेव्हा हजारोंना परत घेतलं नाही. आमच्या खटाव-माणची घरंच्या घरं त्यात होती. आधीच दुष्काळी मुलूख, मुंबईची मनिऑर्डर थांबली की चूल थांबायची. ‘ह्यांचं तिकीट गेलं’ म्हणजे तेच. माझ्या आईचंही हेच वाक्य होतं, शब्दाला शब्द. तुमचं वाचून मी दोन दिवस काही लिहू शकलो नाही.

एक कामाचं सांगतो. गिरणी कामगारांच्या आणि वारसांच्या घरांसाठी म्हाडाची योजना आहे. पहिली सोडत २०१२ ला निघाली. १ जानेवारी १९८२ ला किंवा नंतर जो कामावर होता तो पात्र, आणि पुराव्यांत तिकीट नंबर धरतात. आजोबांच्या नावाचा अर्ज पूर्वी कुणी केला होता का, हे काका-आत्यांना विचारा. ट्रंकेत हजेरीचा कागद, पगाराची चिठ्ठी, विम्याचं कार्ड असं काहीही सापडलं तर फेकू नका. चकती पॉलिश करू नका, अक्षरं अजून जातील. तिच्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी घासा, गिरणीचं नाव उठेल.

टपालहशील
नमस्कार, @परळचा_पाहुणा. माझा चिकटवण्याचा अर्थ इथे थांबतो.

कोरेगावचा_वाघ्या
आमचे थोरले चुलते पण त्याच संपातले. घरात कधी कुणी बोललं नाही. आज संध्याकाळी जातो त्यांच्याकडे.

माणदेशी_लेक (सातारा)
उत्तर वाचलं आणि बराच वेळ नुसती बसून राहिले. लॉटरीचं तिकीट आता नीट बघितलं, १९८३ चं आहे. संपाच्या दुसऱ्या वर्षी आजोबांनी ते काढलं. कुठल्या मनाने काढलं असेल?

मुलीच्या चित्रकलेच्या वहीतलं पान चकतीवर ठेवून पेन्सिल घासली. गिरणीच्या नावाची पहिली चार अक्षरं आली, ‘मिल्स’ हा शब्द स्पष्ट आला. खाली आणखी एक बारीक ओळ आहे, ‘वीव्हिंग’ असावं. म्हणजे साचेखातंच, तुमच्या वडिलांसारखं. मुलीने विचारलं, हे कसलं तिकीट, यात कुठे जाता यायचं? मी तिला गेटची, भोंग्याची, पाळीची गोष्ट सांगितली, जेवढी इथे वाचून कळली तेवढी.

पुसेगावच्या आत्याला फोन केला. ती म्हणाली, अर्ज केला होता, तुझ्या बापानंच भरला होता, पण पुरावा नव्हता म्हणून पुढं काही झालं नाही. पगाराची चिठ्ठी कुठे असेल, विचारलं. “माझ्याकडं हाय की. आईनं लग्नात दिलेल्या साडीच्या घडीत. मला वाटलं, तुला ठाऊक आसंल.”

रविवारी पुसेगावला जातेय. सकाळच्या एसटीने.

निवृत्त_वाहक
सातारा-पुसेगाव. खिडकीची जागा धरा ताई. आणि उतरल्यावर तिकीट टाकू नका, त्याच पाकिटात ठेवा.